कोरड्या हवेच्या गावाची निवड

आपल्या शेतकरी बांधवांत अलीकडे एक विचार मूळ धरू लागला आहे. मुले शहरात नोकरीस लागतात, शेत वाट्याने दिले जाते आणि घरात दोन वृद्ध माणसे उरतात. त्यांपैकी एकास दमा असतो, दुसऱ्याचे सांधे पावसाळ्यात धरतात. अशा वेळी कोणी तरी हितचिंतक सुचवितो की, राजस्थानच्या मरुभूमीकडील एखाद्या शहरी जाऊन राहावे. तेथील हवा कोरडी, आकाश निरभ्र, पाऊस नाममात्र. आपल्या पेठांतील पुष्कळ व्यापारी घराण्यांचे मूळ गाव जोधपूर, नागौर, पाली या मुलखात असल्यामुळे ओळखही निघते. मग पौष-माघात आठ दिवसांची सहल होते. पिवळ्या दगडाचे वाडे पाहून व कोवळ्या उन्हात बसून मन प्रसन्न होते, आणि परत आल्यावर शेतास गिऱ्हाईक पाहणे सुरू होते.

या शेवटच्या पायरीमुळेच हा विषय या मासिकात मांडणे अगत्याचे वाटते. हवापाणी पाहून गाव निवडण्यात गैर काहीच नाही. परंतु घर बदलणे वेगळे आणि जमीन मोडून घर बदलणे वेगळे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, मरुभूमीतील गावाची परीक्षा त्याच्या उत्तम महिन्यावरून न करता सर्वांत वाईट महिन्यावरून करावी. तेथील उष्णतेचा आकडा विचारण्यापूर्वी रात्र, दमटपणा, धूळ आणि पाणी या चार गोष्टींची चौकशी करावी. आणि बारा महिने तेथे भाड्याने राहिल्यावाचून घरच्या जमिनीच्या कागदास हात लावू नये.

प्रथम कोरड्या हवेचा गुण मान्य केला पाहिजे. अंगावरचा घाम वाळतो तेव्हा तो शरीरातील उष्णता घेऊन जातो. हवा कोरडी असली तर तो चटकन वाळतो, दमट असली तर अंगास चिकटून राहतो. उष्णतामापकाच्या टोकास ओले फडके गुंडाळले असता जो आकडा दिसतो, तो शरीरास होणाऱ्या तापाचे अधिक खरे माप होय. हवेचे तपमान ४० अंश सेल्सियस असून आर्द्रता शेकडा २० असेल, तर ओल्या फडक्याचा आकडा सुमारे २३ येतो. उलट हवा ३४ अंशांवर असून आर्द्रता शेकडा ७५ असेल, तर तोच आकडा ३० पर्यंत चढतो. म्हणजे कागदावर सहा अंशांनी थंड असलेली जागा शरीरास अधिक जाचक ठरते. वाळ्याचा पडदा किंवा पाण्याचा कूलर मरुभूमीत उत्तम काम देतो आणि किनाऱ्यावर निरुपयोगी ठरतो, त्याचेही कारण हेच. तेव्हा कोरड्या हवेची कीर्ती अगदीच निराधार नाही.

परंतु कीर्ती वर्षाच्या सरासरीवर उभी असते आणि मनुष्यास एकेक दिवस काढावयाचा असतो. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यात आकडे लिहिण्यात गेली. पूर्वीची आणेवारी, हल्लीची पैसेवारी, ही काय चीज आहे हे वाचकांस सांगावयास नको. गावाची पैसेवारी पन्नासच्या वर लागली म्हणजे प्रत्येकाच्या खळ्यात निम्मे पीक आले असे होत नाही. ओढ्याकाठच्या चार मळ्यांनी माळावरच्या चाळीस वावरांचे दुःख झाकलेले असते. हवेच्या सरासरीचेही तसेच आहे. चुरू या गावी २८ मे २०२४ रोजी पारा ५०.५ अंशांवर गेला होता, आणि त्याच चुरूस कडक थंडीच्या दिवसांत पारा शून्याखाली उतरतो. या दोहोंची सरासरी काढली तर मोठी सुखावह येईल. पण त्या सरासरीत कोणी राहत नाही.

उन्हाळ्याच्या कमाल आकड्यावरून गावांची निवड करू म्हणाल, तर तीही होत नाही. जोधपूर, बिकानेर, जैसलमेर, बाडमेर, श्रीगंगानगर ही मरुभूमीतील मोठी शहरे घ्यावीत. मे महिन्यातील दुपारचे सरासरी तपमान या सर्वांचे ४१ ते ४२ अंशांच्या आसपासच आहे. जोधपुराहून जैसलमेरास जाताना वाटेत फलोदी लागते. तेथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली व ती देशातील उच्चांकाची म्हणून गणली गेली. परंतु असे एक-दोन दिवस सोडले तर ज्येष्ठातली दुपार या सर्व शहरी सारखीच. शहराशहरांतील खरा भेद दुपारी दिसत नाही.

आता पहिली परीक्षा रात्रीची. वाळवंटात दिवस तापला तरी रात्र थंड, असे आपण ऐकत आलो आहो. आकाश निरभ्र व हवा कोरडी असली की भूमीची उष्णता रात्री वर निघून जाते, हे शास्त्र खरे आहे, आणि हिवाळ्यात त्याचा पुरेपूर अनुभव येतो. परंतु मे-जून महिन्यांत जोधपूर-बिकानेरकडे पहाटेचा पारादेखील सरासरीने २७-२८ अंशांच्या खाली जात नाही. आपल्या पुण्यास मे महिन्यात तो सुमारे २२-२३ पर्यंत उतरतो, हे ध्यानात घ्यावे. त्यातून सिमेंटची घरे व डांबरी रस्ते वाढले म्हणजे दिवसाची उष्णता रात्रभर बाहेर पडत राहते. अमेरिकेतील अॅरिझोना प्रांताचे फिनिक्स शहर याचे ठळक उदाहरण आहे. २०२३ सालच्या उन्हाळ्यात तेथे लागोपाठ ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटास, म्हणजे सुमारे ४३ सेल्सियसास, पोहोचत राहिला. आणि १९ जुलै रोजी तर चोवीस तासांतील नीचांकच ९७ फॅरनहाइट, म्हणजे ३६ सेल्सियस, होता. दुपारची उष्णता सावलीत बसून काढता येते. पण रात्री झोप न मिळाल्यास वृद्ध शरीर चौथ्या दिवशी हार खाते. म्हणून गावाचे किमान तपमान आधी विचारावे, कमाल मागून.

दुसरी परीक्षा दमट दिवसांची. मरुभूमीत पावसाळा नसतोच, ही समजूत चुकीची आहे. वर्षाचा पाऊस जैसलमेरास ८ इंचांच्या आसपास, बिकानेर व बाडमेराकडे १०-११ इंच, जोधपुरास सुमारे १४ इंच पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. या दिवसांत हवेत ओल येते, कूलर हवा थंड करण्याऐवजी दमट करू लागतो आणि ज्या सुखासाठी माणूस तेथे गेला ते सुमारे दोन महिने गुप्त होते. श्रीगंगानगराकडे सर्वत्र कालव्याचे भिजवण असल्यामुळे हा उकाडा अधिक जाणवतो, आणि पौषात तेथे दाट धुके पडते. दम्याच्या रोग्यास कोरड्या हवेसाठी धुक्याच्या गावी नेणे म्हणजे घरचे दुखणे गाडीभाडे देऊन सोबत नेणे होय.

याच सदरात पुराचाही विचार केला पाहिजे. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात थोड्याच दिवसांत वर्षाच्या सरासरीहून कितीतरी अधिक पाऊस कोसळला, कवास नावाचे गाव पाण्यात बुडाले आणि जिल्ह्यात शंभराहून अधिक माणसे दगावली. वाळूत पाणी लगेच जिरते असे आपण समजतो. परंतु तेथे जमिनीखाली जिप्समचा थर असल्यामुळे पाणी जिरेना व ते दीर्घकाळ साचून राहिले. गंमत अशी की, हाच थर इतरत्र वरदान ठरला आहे. पावसाची ओल खोलवरच्या खाऱ्या पाण्यात मिसळू न देता तो ती मध्येच अडवून धरतो, आणि तेथील लोक अरुंद कुई खणून ते गोड पाणी थेंबाथेंबाने मिळवीत आले आहेत. भूमीचा एकच गुण एके ठिकाणी तारक व दुसरीकडे मारक. म्हणून घर घेण्यापूर्वी तेथील जमिनीचे पोट कसे आहे हे विचारणे, विहीर खणताना आपण विचारतो तितकेच आवश्यक आहे.

तिसरी परीक्षा धुळीची. कोरडी हवा म्हणजे स्वच्छ हवा नव्हे. वैशाख-ज्येष्ठात तिकडे लू वाहते, आंधी उठते आणि बारीक वाळू बंद खिडकीतूनही आत येते. जैसलमेराकडे वारा इतका जोरदार की, तेथे पवनचक्क्यांची मोठी रांग उभी आहे. शिवाय झाडांच्या परागांचा त्रास वेगळाच. आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो, तिला जोधपूर संस्थानाने १९४० साली राजवृक्षाचा मान देऊन तिचा प्रसार केला होता. आज ती त्या मुलखात सर्वत्र माजली आहे, आणि तिचे पराग पुष्कळांस बाधतात. अॅरिझोनातील टूसॉन शहराची हकीकत याहून बोधप्रद आहे. कोरड्या हवेसाठी क्षयाचे व दम्याचे रोगी तेथे जाऊन वसले. पण वसणाऱ्यांनी आपल्या जुन्या गावाच्या आठवणीने तुती, ऑलिव्ह व हरळीची जात लावली, आणि ज्या परागांपासून सुटावयाचे तेच दारात आणले. शेवटी १९८० नंतरच्या दशकात तेथील जिल्हा कारभाऱ्यांस तुती व ऑलिव्ह यांच्या विक्रीवर बंधन घालावे लागले. हवा ही भूमीची देणगी खरी. पण ती राखणे न राखणे माणसाच्या हाती आहे.

चौथी व सर्वांत मोठी परीक्षा पाण्याची. हवापाणी हा आपला जोडशब्द फार शहाणपणाचा आहे; त्यातील पहिला शब्द ऐकून दुसरा विसरू नये. मरुभूमीतील आजची शहरे स्वतःच्या पाण्यावर उभी नाहीत. बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी सतलजेचे पाणी आणून १९२७ साली गंग कालवा सुरू केला, त्यावर श्रीगंगानगरचा मुलूख फुलला. पुढे १९५८ साली सतलज व बियास यांच्या संगमाजवळील हरिके येथून निघणाऱ्या राजस्थान कालव्याचे काम सुरू झाले. १९८४ पासून त्यास इंदिरा गांधी कालवा म्हणतात. बिकानेर, जोधपूर, जैसलमेर यांचे नळ आज बव्हंशी याच पाण्यावर चालतात, आणि जोधपुरास तर ते उपसून चढवून आणावे लागते. डागडुजीकरिता हा कालवा मार्च ते मेच्या दरम्यान काही आठवडे बंद किंवा कमी करतात. तिकडे त्यास नहरबंदी म्हणतात. म्हणजे पाण्याची गरज सर्वांत अधिक, त्याच सुमारास नळ एक-दोन दिवसांआड येतो. पौषात सहलीस गेलेल्या पाहुण्यास याची वार्ताही नसते. बाडमेर, नागौर, जालोर यांकडे खोल विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असल्यामुळे दात व हाडे बिघडतात, हेही ज्याचे सांधे आधीच दुखतात त्याने विसरू नये.

कालव्याने दुसराही प्रश्न निर्माण केला आहे, तो आपल्या कृष्णाकाठच्या बागायतदारांस समजावून सांगावयास नको. हनुमानगढकडे अति भिजवणामुळे कित्येक जमिनी पाणथळ व क्षारपड झाल्या. म्हणून कालव्याकाठी स्वस्त जमीन मिळते असे ऐकून हुरळून जाणाऱ्याने आधी मीठ फुटलेले वावर पाहून यावे.

इतके झाल्यावर कोणी म्हणेल की, मग गाव कोणते घ्यावे ते तरी सांगा. माझे मत येणेप्रमाणे. जैसलमेर पाहावयास सुंदर, हवा सर्वांत कोरडी. परंतु वारा, धूळ आणि मोठ्या दवाखान्यांचे अंतर पाहता वृद्धांस ते योग्य नव्हे. श्रीगंगानगर शेती पाहावयास जावे, दम्यासाठी जाऊ नये. बाडमेरास पाण्याची अडचण जुनी आहे. बिकानेर चांगले, परंतु तेथील थंडी ज्यास सोसेल त्यानेच जावे. जानेवारीच्या पहाटे पारा कित्येकदा शून्याजवळ येतो. या सर्वांत जोधपूर मला मध्यम मार्गाचे वाटते. तेथील हिवाळा सौम्य; पाऊस बेताचा; अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था २०१२ पासून तेथे चालू आहे; आणि कोरड्या प्रदेशाच्या शेतीचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था, काजरी, १९५९ पासून तेथेच असल्यामुळे शेतकऱ्याच्या मनास विरंगुळाही मिळतो. बोर, भोकर, खेजडी म्हणजे आपली शमी, ही झाडे थोड्या पाण्यावर कशी जगवावीत हे तेथे पाहावयास मिळते.

घराविषयीही दोन शब्द. जुन्या लोकांनी जाड दगडी भिंती, लहान खिडक्या, अरुंद गल्ल्या आणि अंगणात पावसाच्या पाण्याचा टांका ही रचना हौसेने केली नव्हती. एका भिंतीने दुसरीस सावली द्यावी आणि छपराचे पाणी, ज्यास तिकडे पालर पाणी म्हणतात, वर्षभर पुरावे, हा तिचा हेतू. नव्या वसाहतीतील पातळ भिंतींचे, काचेचे, उघड्यावरचे घर घेऊन त्यात वातानुकूलनाचे यंत्र बसविले की झाले, असे पुष्कळांस वाटते. परंतु चोवीस तास खिडक्या बंद करूनच बसावयाचे असेल, तर कोरड्या हवेसाठी इतक्या दूर जाण्याचे प्रयोजन काय? यंत्राची हवा आपल्या गावीही मिळते. ज्या घरात टांका नाही व पश्चिमेस सावली नाही, ते स्वस्त असले तरी महाग समजावे.

आता जमिनीची गोष्ट. आपल्या राज्यातील १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ अन्वये, जो शेतकरी नाही त्यास सर्वसाधारणपणे परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही; विदर्भ व मराठवाड्याचे कायदे निराळे असले तरी धोरण तेच आहे. ज्याने सातबारावरील आपली सर्व जमीन विकून टाकली, तो चार वर्षांनी हवा न मानवल्यामुळे परत आला तर त्यास पुन्हा वावर घेणे पैशानेही अवघड आणि कागदानेही अवघड. किंमत तर वाढलेली असतेच. सारांश, हवेची चूक सुधारता येते, खरेदीखताची येत नाही. निदान एक तुकडा तरी आपल्या नावे राखून ठेवावा, आणि तो नेमका कोणता व किती, हे जाणत्या वकिलास विचारून ठरवावे.

आणखी एक सूचना. हजार कोसांचा विचार करण्यापूर्वी शंभर कोसांत काय आहे ते पाहावे. माण, आटपाडी, सांगोला, जत हे आपले अवर्षणाचे तालुके वीस इंचांच्या आसपास पावसाचे आहेत. ते समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांहून अधिक उंचीवर असल्यामुळे तेथील उन्हाळ्याची रात्र मरुभूमीइतकी निर्दय नसते. पाण्याची ओढ तेथेही आहे, हे खरे. परंतु भाषा आपली, दवाखान्यात दुखणे आपल्या शब्दांत सांगता येते, आणि खळ्याच्या वेळी एका दिवसात शेतावर पोहोचता येते. ज्या दुष्काळाला आपण आजन्म दोष दिला, त्याची कोरडी हवा म्हातारपणी उपयोगी पडावी, यात लाजण्यासारखे काही नाही.

तरीही ज्याचा निश्चय ठाम आहे त्याने हा क्रम धरावा. पहिली खेप ज्येष्ठात करावी, नहरबंदी नुकतीच उठली असेल अशा सुमारास. शेजारच्या बाईस, नळ कधी येत होता व टँकरास काय पडले, हे विचारावे. दुसरी खेप श्रावण-भाद्रपदात करावी आणि रात्री झोप कशी लागते ते पाहावे. तिसरी खेप थंडीत. तिन्ही वेळा दमेकऱ्यास स्वतः बरोबर न्यावे. त्याच्या वतीने मुलाने जाऊन पाहून येणे कामाचे नाही. त्यानंतर एक वर्ष भाड्याचे घर. एवढ्या कसोट्यांस जे गाव उतरेल ते खुशाल आपले म्हणावे. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो, औतास जुंपून पाहतो. उरलेले आयुष्य ज्या गावी काढावयाचे, त्यास तेवढीही परीक्षा लावू नये, हे कुणब्याच्या शहाणपणास शोभणारे नाही.